‘झालंच’ आणि ‘येतो’

भाजलेल्या माणसाला भेटायला आलेले लोक आधी चेहरा बघतात. चेहरा जागेवर आहे असं दिसलं की त्यांना हायसं वाटतं, आणि मग ते हाताकडे न बघायची खटपट करत इकडचं तिकडचं बोलत राहतात. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हेच केलं. हे लिहितो आहे ते त्यांच्यासाठी नाही. ज्याचा हात आत्ता पांढऱ्या मलमात आणि पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेला आहे, ज्याला पंख्याच्या पात्यांशिवाय बघायला काही नाही, त्याच्यासाठी लिहितो आहे. त्याच्या उशाशी बसलेल्या माणसासाठीही.

माझी उजवी मूठ आता वळते. करंगळी तेवढी बाहेर राहते, त्यामुळे चहाचा कप धरला की लोकांना वाटतं मी नखरे करतोय. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. माझा लागला होता तेवढा पुरे. पण मूठ वळणं हा या दुखण्यातला सोपा भाग होता, हेही आधीच सांगतो.

वाफ

आमचं घर बनारसला, दूधविनायकच्या गल्लीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाठशाळेत संस्कृत व्याकरण शिकवायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि आमची मराठी अशी की पुण्याचे पाहुणे हसू दाबत. अशा घरातला मुलगा जहाजावर इंजिनियर झाला याचं गल्लीला भारी नवल. कोपऱ्यावरचा पानवाला मला दर सुट्टीत विचारायचा, "का भइया, जहाज गंगाजी में कब ला रहे हैं?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं जहाज कलकत्त्याजवळच्या गोदीत लागलं होतं. मी थर्ड इंजिनियर होतो आणि दिगंबर फोर्थ. दिगू राजापूरकडचा. जहाजावर आम्ही दोघंच मराठी. दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून तोंड आंबलं की आम्ही एकमेकांशी मराठीत बोलायचो, कामातसुद्धा. ती आमची चैन होती.

जहाजाचं जाड तेल गार झालं की वाहत नाही, म्हणून ते वाफेच्या नळांनी गरम ठेवतात. त्यातल्या एका नळाचे दोन जोड झिरपत होते. जोड म्हणजे दोन नळांची तोंडं, मध्ये पॅकिंगची चकती आणि भोवती बोल्ट. वाफेचा मोठा व्हॉल्व बंद केला, त्याचं चाक तारेने बांधलं, ‘माणसं कामावर आहेत, हात लावू नये’ अशी पाटी अडकवली. पाटी दिगूने लावली. जो लावतो त्यानेच काढायची असा नियम. दोन जोड, दोन माणसं, पण काम एकच धरलेलं, म्हणून पाटीही एकच. तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. वरचा जोड दिगूकडे होता आणि खालचा, जमिनीच्या लोखंडी फळ्यांच्याही खाली, माझ्याकडे. मी पालथा पडून, हात नळाखालून घालून बोल्ट आवळत होतो. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. जनरेटर चालू होता आणि दोघांच्याही कानांवर आवाज अडवणारी झाकणं.

दिगूने वरून ओरडून विचारलं, "झालं का रे?"

मी म्हणालो, "झालंच."

तो म्हणाला, "येतो."

आमची पद्धत अशी, की वेळ असला तर एकाने आवळलेला जोड दुसऱ्याने हात लावून बघायचा. तो बघायला येतोय असं मी धरून चाललो. पॅकिंग एका बाजूला जरा सरकल्यासारखं वाटत होतं, म्हणून तो येईपर्यंत मी दोन बोल्ट पुन्हा सैल केले. आणि वाट बघत पडून राहिलो.

वाफ दिसते असं लोकांना वाटतं. दिसतो तो नंतरचा ढग. तोंडाशी वाफ दिसत नाही, फक्त ऐकू येते. मला एक बारीक फुत्कार ऐकू आला. तोपर्यंत हाताची मागची बाजू, मनगट, कोपरापर्यंतचा भाग आणि मानेचा एक पट्टा गेला होता. वर आमचे वरिष्ठ, सेकंड इंजिनियरसाहेब होते; त्यांनी व्हॉल्व अगदी थोडा, नियमाप्रमाणे हळू उघडला होता, म्हणून मी हे लिहायला आहे. त्यांनी चाक एकदम फिरवलं असतं तर अण्णांना कलकत्त्याला वेगळ्याच कामासाठी यावं लागलं असतं.

पुढचे दोन महिने माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं. दिगू येतो म्हणाला आणि आला नाही.

"मुट्ठी आपको लानी पड़ेगी"

कलकत्त्याच्या इस्पितळातलं मला फारसं आठवत नाही. धोका टळल्यावर अण्णा मला रेल्वेने बनारसला घेऊन आले आणि तिथल्या एका इस्पितळात मी दाखल झालो. लोक काशीत मरायला लांबून लांबून येतात. मी बरा व्हायला आलो होतो, हे बऱ्याच जणांच्या पचनी पडत नव्हतं. एक लांबचे काका मला धीर देत म्हणाले, "इथे आहेस न, मग कसली चिंता." त्यांना काय म्हणायचं होतं ते कळायला मला अख्खी दुपार लागली.

रोगाचं नाव मला पहिल्यापासून माहीत होतं. भाजलंय, हे कोणी सांगायला नको होतं. पण खरा निदानाचा दिवस बनारसला आला. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, कडक, चष्मा कपाळावर. त्यांनी माझी पट्टी सोडून बोटं एकेक करून वाकवून पाहिली. बोटं वाकत नव्हती. हाताच्या मागची कातडी आकसून बोटांना वर ओढत होती. नमस्काराला जोडायला ठीक, बाकी कशाला नाही.

"चमड़ी तो हम लगा देंगे," त्या म्हणाल्या. "मुट्ठी आपको लानी पड़ेगी."

"और जहाज़?" मी विचारलं.

"पहले गिलास पकड़िए."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मी आईकडे पाहिलं. ती माझ्या चादरीची घडी नीट करत होती, आणि ती आधीच नीट होती. मला रडू आलं, आणि उजव्या हाताने डोळे पुसायला गेलो तर हात उचलला जाईना. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मरण्याची नव्हे. इंजिन-रूमच्या शिडीवरून खाली उतरताना जो कठडा धरायचा असतो, तो हातात येणार नाही याची.

पट्टी बदलण्याची वेळ

ज्याने ती सोसलीय त्याला सांगायला नको, आणि ज्याने सोसली नाही त्याला सांगून कळत नाही. तरी एक सांगतो. ओरडायचं असेल तर ओरडा. मी पहिला आठवडा दात आवळून पडून राहायचो आणि दाढ हलवून घेतली. पट्टी करणारे लालजी भैया शेवटी म्हणाले, "भइया, चिल्ला लीजिए. यहाँ सब चिल्लाते हैं, कोई बुरा नहीं मानता." दुसऱ्या दिवसापासून मी अण्णांना न शोभणाऱ्या भाषेत ओरडू लागलो. बरं वाटलं.

पट्टी आधी पाण्याने नीट भिजवून घ्यायला लावा. घाईत कोरडी ओढू देऊ नका. लालजी भैया कधी घाई करायचे नाहीत. पट्टी भिजत असताना ते माझ्याशी जहाजाबद्दल बोलत. समुद्राचं पाणी पिता येत नाही हे त्यांना पटत नव्हतं. "इतना पानी, और पीने का नहीं? बेकार है."

मग अंड्यांचा प्रश्न आला. भाजलेल्याच्या अंगातून ताकद पाझरून जाते, ती भरून काढायला खूप खावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी रोज अंडी सांगितली. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. मी जहाजावर सगळं खात होतो, पण ते समुद्रावर, आईच्या नजरेआड. आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पनीर, सातू, डाळीचं वरण असा मारा सुरू केला. दोनतीन दिवसांनी अण्णा एकटेच आले. खाटेच्या कडेला बसून त्यांनी पिशवीतून, पंचांगाच्या खालून, वर्तमानपत्राची पुडी काढली. आत दोन उकडलेली अंडी.

"सोलून आणायला हवी होती का?" त्यांनी विचारलं. "मला कल्पना नाही."

मग ते सोलत बसले. संध्या करणारी ती बोटं कवचाचे तुकडे एकेक करून पुडीत टाकत होती. "तुझ्या आईला सांगू नकोस," ते म्हणाले. मी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आईने पिशवीत मिठाची पुडीही दिली होती, मिरपूड घातलेली.

संध्याकाळी भेटीची वेळ संपली की आई उठायची, पदर सावरायची, म्हणायची, "येते हं." मी म्हणायचो, "ये." रोज. त्यात काही विशेष होतं असं मला कधी वाटलं नाही.

घोटभर पाणी

मांडीची कातडी काढून हातावर लावली. ती धरली. लागलेल्या कातडीपेक्षा जिथून काढली तिथे जास्त आग होते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

जरा बसता येऊ लागलं तेव्हा अण्णांनी घरून पळी-पंचपात्र आणलं. संध्येत आचमन करताना उजव्या तळहाताची खळगी करून त्यात पळीभर पाणी घेतात आणि पितात. लहानपणी आम्ही हे झोपेतही केलं असतं. अण्णांनी माझ्या तळहातावर पाणी घातलं. हात सपाट तो सपाटच. पाणी कडेने ओघळून चादरीवर गेलं. अण्णांनी पुन्हा घातलं, पुन्हा गेलं. मग त्यांनी पळी पुसून ठेवली.

"उद्या बघू," ते म्हणाले.

अण्णांना मी आयुष्यात एकदाच रागावलेलं पाहिलं, ते त्यानंतर. दिगू आमच्या गल्लीतल्या एसटीडी बूथवर फोन करायचा आणि बूथवाला घरी हाक मारायला यायचा. अण्णांनी त्याला सांगितलं, त्या माणसाचा फोन आला तर आम्हाला बोलवू नका. आई म्हणाली, "अहो, पोराचं ऐकून तर घ्या." अण्णा म्हणाले, "ज्याने शब्द पाळला नाही त्याचं काय ऐकायचं?" हे त्यांना मीच सांगितलं होतं. दिगू येतो म्हणाला आणि आला नाही. माझा तो राग मी नीट जपून ठेवला होता. दुखणं असह्य झालं की मी तो काढायचो, त्याच्याकडे बघायचो आणि परत ठेवून द्यायचो. खोटं कशाला बोलू, त्याने आधार वाटायचा.

दिगू

एके दिवशी दुपारी दिगू स्वतःच आला. जहाज सोडून, कलकत्त्याहून तडक. वॉर्डाच्या दारात अण्णांनी त्याला अडवलं.

"आता कशाला आलात?" अण्णा म्हणाले.

दिगू हातात पेढ्यांचा खोका धरून उभा राहिला. आई उठून गेली आणि त्याच्या हातातून खोका घेतला. "ये रे. बस इथे. काही खाल्लंस का सकाळपासून?"

तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. स्टुलावर अण्णा बसले होते आणि ते उठले नाहीत. दिगूने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. सरळ हाताकडे पाहिलं, बराच वेळ. तसं बघणारा तो पहिला.

"दुखतं?"

"आता खाज जास्त."

"श्री, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तू खाली का थांबलास?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मी का थांबलो? तू येतो म्हणालास म्हणून थांबलो."

"हो, म्हणालो मी येतो."

"मग आला का नाहीस?"

"येऊ कुठे?" दिगूचा आवाज चढला. "निघालो म्हणून सांगितलं ना तुला. तू झालं म्हणालास. मी म्हटलं येतो, नि वर गेलो. पाटी काढली, साहेबांना सांगितलं. मला वाटलं, तू माझ्या मागून शिडी चढतोयस."

"मी झालं नाही म्हणालो. झालंच म्हणालो. होतच आलंय, असं."

"मला झालं ऐकू आलं."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा ट्रान्झिस्टर तेवढा चालू होता. त्या दिवशी जहाजावर दिगू त्याच्या गावच्या रीतीने माझा निरोप घेत होता. घरातून बाहेर पडताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. माझ्या घरचीही तीच रीत. बनारसला आल्यापासून माझी आई रोज संध्याकाळी येते म्हणून जात होती आणि मी ये म्हणत होतो, आणि तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता. हिंदीत बोललो असतो तर तो ‘मैं ऊपर जा रहा हूँ’ म्हणाला असता आणि मी ‘रुको’ म्हणालो असतो. आमच्या चैनीने आमचा घात केला.

अण्णा जमिनीकडे बघत होते. "एक ‘च’," ते हळूच म्हणाले. जन्मभर मुलांना एकेका अक्षराचं वजन समजावलेला माणूस. मग ते स्टुलावरून उठले आणि दिगूला म्हणाले, "बसा. बराच वेळ उभे आहात."

दिगू बसला. त्याने पेढा खाल्ला, आईने दोनदा दिला. निघताना तो उभा राहिला, सवयीने तोंड उघडलं, आणि शब्द ओठांवर आला तसा त्याने तो गिळला. माझ्या पायावर चादरीवरूनच हात ठेवला आणि काही न बोलता गेला.

आई दाराकडे बघत राहिली. "बिचारा सांगूनही नाही गेला," ती म्हणाली.

राग गेल्यावर

तुम्हाला वाटेल, गैरसमज दूर झाला, मन हलकं झालं असेल. माझं उलट झालं. राग होता तोवर जग समजत होतं. एक माणूस बेफिकीर निघाला, त्याच्यासारख्यांपासून सांभाळून राहायचं, संपलं. आता कळलं की दोघेही खरं बोलत होते. दोघांनाही काम नीट पुरं करायचं होतं. खरं बोलून, खरं ऐकून माणूस भाजत असेल, तर शिडीवरून खाली उतरायचं कोणाच्या भरवशावर?

त्या संध्याकाळी आई उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "येते हं."

माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला. मानेवरची नवी कातडी आवळली. कुठूनतरी तो बारीक फुत्कार ऐकू आला, जो तिथे नव्हता.

"असं नको म्हणू," मी म्हणालो.

"कसं?"

"येते नको म्हणू. जातेस ना, मग जाते म्हण."

आई घाबरून माझ्याकडे बघू लागली. "आजारी लेकराच्या उशाशी उभी राहून? आणि ते काशीत? माझ्या तोंडून नाही निघायचं ते, श्री."

"शब्द आहे नुसता."

"शब्दानेच झालं न हे सगळं?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. डाव्या हाताने स्टीलचा पेला फेकला, तो घरंगळत म्हाताऱ्याच्या खाटेखाली गेला. आई वाकली, पेला उचलला, धुऊन ठेवला आणि न बोलता निघून गेली. ती रात्र मी कशी काढली ते मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटीची वेळ संपली. आई उठली. माझ्याकडे न बघता, भाजीवालीशी बोलताना काढायची त्या आवाजात म्हणाली, "अच्छा, चलती हूँ."

माझी आई. माझ्याशी जन्मात हिंदीत न बोललेली. मला हसू आलं. घाम सुटला नाही. पुढे इस्पितळात होतो तोवर ती रोज तसंच म्हणत गेली. लालजी भैयांना वाटलं आम्ही सुधारलो.

उशाशी बसणाऱ्यांना म्हणून सांगतो. आजाऱ्याची एखादी मागणी वेड्यासारखी वाटली तरी ती कुठून येते हे त्याला लगेच विचारू नका. त्याला ते सांगता येत नसतं. जमलं तर आईसारखी एखादी आडवाट शोधा.

कणीक आणि कुकर

घरी आलो. हाताचा व्यायाम म्हणून डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. मला चेंडूचा कंटाळा यायचा. आईने परात पुढे सरकवली. "यापेक्षा कणीक मळ. निदान कामाला येईल." सुरुवातीला माझ्या कणकेच्या पोळ्या कुत्र्यालाही आवडल्या नसत्या. अण्णा मात्र गुपचूप खात. रोज मळता मळता बोटं थोडी थोडी आत येऊ लागली. रडत रडतच आली, पण आली.

कुकरची गोष्ट वेगळी. पहिल्या शिट्टीला मी जेवणघरातून थेट गल्लीत होतो, अनवाणी. त्या दिवसापासून आईने कुकर माळ्यावर टाकला आणि पातेल्यात डाळ शिजवू लागली. जेवायला उशीर व्हायचा. अण्णांना पाठशाळेला जायची घाई असायची, तेही हूं की चूं करत नसत. घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांनी माझ्या भीतीभोवती आपला दिवस वळवून घेतला होता. याचं मला बरं वाटायचं आणि लाजही वाटायची.

पाऊस येऊन गेला, गंगा चढली, उतरली, अमृतराव घाटावरचा गाळ उपसून झाला. एका सकाळी अण्णा घाटावरून आले आणि मला देवापुढे बसवून त्यांनी तळहातावर पळीभर पाणी घातलं. थोडं ओघळलं. बाकीचं राहिलं. मी ते प्यायलो. अण्णा पुढचा मंत्र म्हणायचं विसरले.

त्यानंतर मी माळ्यावरून कुकर काढला. स्वतः डाळ लावली आणि ओट्याजवळ उभा राहिलो. शिट्टी झाली. मी जागचा हललो नाही. गॅस बंद करून, वाफ बसल्यावर, झाकणाला हात घालण्याआधी मी तीनदा विचारलं, "इथे कोणी आहे का?" आई माझ्या शेजारीच उभी होती. "मी आहे," ती तिन्ही वेळा म्हणाली.

या धंद्यातल्यांसाठी दोन शब्द

काम सुरू करताना सगळे सावध असतात. घात होतो तो काम संपताना, भूक लागलेली असते तेव्हा. जितकी माणसं तितक्या पाट्या लावा. ज्याची पाटी त्याने स्वतःच्या हाताने काढल्याशिवाय चाकाला हात नको. झालं का, असं ओरडून विचारू नका. खाली जा, वाका, जोडावर हात फिरवा, माणूस बाहेर आलेला डोळ्यांनी बघा. मी जिवंत आहे तो ऐकण्यामुळे नाही, साहेबांच्या हळू हातामुळे. दिगू माझ्या आधी समुद्रावर परतला. जाण्यापूर्वी बूथवर फोन आला, तेव्हा अण्णाच मला हाक मारायला आले. दिगू म्हणाला, "मी आता एकटा असलो तरी दोन पाट्या लावतो. लोक हसतात." मला हसू आलं नाही.

उंबरा

कंपनीच्या डॉक्टरांनी मला पास केलं. मला वाटलं होतं आनंद होईल. झाला नाही. हात परत आला होता, खाली उतरण्याचा धीर आला होता की नाही हे शिडीशी गेल्याशिवाय कळणार नव्हतं. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. आईला सांगावं लागलं नाही.

निघायच्या दिवशी अण्णा रिक्षा बघायला पुढे गेले होते. बॅग खांद्यावर घेऊन मी उंबऱ्याशी आलो. आईने माझ्या उजव्या तळहातावर दही ठेवलं. तळहाताची खळगी झाली, दही राहिलं, मी ते खाल्लं. मग वाकून नमस्कार केला आणि उभा राहिलो.

आता काहीतरी म्हणायचं होतं. येतो म्हणायला माझी जीभ वळेना. जातो म्हणालो असतो तर आई ते जन्मभर मनात ठेवून बसली असती. अच्छा, चलता हूँ, असं आईला सांगून घराबाहेर पडायचं मला जमलं नसतं. मी नुसता उभा होतो. गल्लीतून एक गाय गेली, तिला वाट दिली आणि पुन्हा उभा राहिलो.

"जाऊन येतो म्हण," आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"त्यात दोन्ही आहे न," ती म्हणाली. "तुझंही, माझंही."

साधा, रोजचा शब्द. गल्लीतली पोरं दुकानात साखर आणायला जातानाही म्हणतात. दिगूने त्या दिवशी तो म्हटला असता तर. पण ते आता सोडून दिलं.

"जाऊन येतो, आई."

"ये."

मी चालू लागलो. दूधविनायकच्या गल्लीला पुढे वळण आहे, तिथे मागे वळून पाहिलं. आई उंबऱ्याबाहेर येऊन, एक पाय पायरीवर ठेवून, मान लांब करून माझ्याकडे बघत होती. मी हात हलवला. तिने हलवला नाही, ती फक्त बघत होती. मी वळणाआड गेलो आणि थांबून राहिलो. बऱ्याच वेळाने दाराची कडी लागल्याचा आवाज आला. गल्लीत मी उरलो नाही याची खात्री डोळ्यांनी केल्याशिवाय तिने दार लावलं नव्हतं.